द्राव्याचे वस्तुमान, संहतीवरून

द्रावणाची संहती (ठरावीक आकारमानात किती पदार्थ विरघळला आहे ते) व आकारमान माहीत असता त्यात विरघळलेल्या पदार्थाचे वस्तुमान काढण्याची रीत. संहती दर लिटरला ग्रॅममध्ये दिली असेल तर लिटरने गुणले की झाले. ती मोलमध्ये (कणांची ठरावीक संख्या मोजण्याचे एकक) असेल तर पदार्थाच्या मोलर वस्तुमानानेही, म्हणजे एका मोलच्या ग्रॅममधल्या वस्तुमानानेही, गुणावे लागते. ‘मोल’ हा शब्द विल्हेल्म ओस्टवाल्ट यांनी बहुधा १८९०च्या दशकात रूढ केला. काही अभ्यासक तो थेट लॅटिन ‘मोलेस’वरून (राशी) आल्याचे मानतात, जर्मन ‘मोलेक्यूल’चे ते आखूड रूप असावे, हे मत अधिक पटते.

पाठ्यपुस्तकांत विरघळणाऱ्या पदार्थाला ‘द्राव्य’ म्हणतात. मराठवाड्यात कृषी सेवा केंद्रात ‘विद्राव्य’ म्हटले की ठिबकमधून सोडायच्या १९:१९:१९ सारख्या खताची पिशवी पुढे येते. म्हणून येथे ‘द्राव्य’च.

गुणाकार सहसा चुकत नाही, वस्तुमान नेमके कशाचे यात घोळ होतो. मोरचूद म्हणजे स्फटिकरूप कॉपर सल्फेट; त्याच्या स्फटिकात दर कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू असतात. २५० मिलिलिटर, ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) द्रावणासाठी मोरचूद ६.२४ ग्रॅम लागते, पण निर्जल कॉपर सल्फेट ३.९९ ग्रॅमच. मोसंबीवर फवारायच्या १ टक्का बोर्डो मिश्रणात (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) १०० लिटरला १ किलो मोरचूद पडते. त्यात तांबे सुमारे २५५ ग्रॅम. चुन्याचे दुधाळ पाणी मिसळल्यावर तेही बहुतांशी विरघळलेले राहत नाही, त्याचा निळा साका होतो.

बोअरच्या मचूळ पाण्यात हा प्रश्न जास्त अवघड होतो. पेयजलाच्या भारतीय मानकात एकूण विरघळलेले घन पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य, दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालतात. १,२०० मिलिग्रॅम असलेल्या २० लिटरच्या जारमध्ये २४ ग्रॅम क्षार भरतात. मात्र हा आकडा पाण्यातले एकेक आयन (क्षारांचे विद्युतभारित कण) मोजून, बेरीज करून आलेला असेल, तर तेच पाणी पातेल्यात आटवून बुडाचा पांढरा थर तोलल्यास वजन कमी भरते. बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड व पाणी निघून जाते, आणि १०० मिलिग्रॅम बायकार्बोनेटमागे जेमतेम ४९ मिलिग्रॅम कार्बोनेट उरते. त्यामुळे बेरजेची पद्धत वापरताना बायकार्बोनेटचा साधारण निम्माच भाग धरण्याचा प्रघात आहे.

कपाशीवरच्या ५ टक्के निंबोळी अर्काला ही रीत लागू करू नये. तेथील टक्केवारी भिजत घातलेल्या निंबोळीच्या भुकटीची असते, आणि तिचा बराचसा चोथा फडक्यातच राहतो.