रॅम ‘साफ’ करणाऱ्यांनो, जरा थांबा

मोबाइलच्या जाहिरातीत हल्ली ‘८+८ जीबी रॅम’ असं ठळक छापलेलं असतं. पहिले ८ खरे. दुसरे ८ म्हणजे फोनच्या स्टोरेजमधून बाजूला काढलेली जागा. याला फसवणूक म्हणवत नाही, पण रॅम म्हणणं जरा जास्तच झालं. ही युक्तीही नवी नाही. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या ॲटलस संगणकात टॉम किलबर्न यांच्या चमूने छोटी, वेगवान मुख्य मेमरी आणि तिच्या सहापट मोठा, पण संथ फिरता ड्रम यांना जोडून प्रोग्रॅमला एकच सलग मेमरी भासवली होती.

आजही प्रोग्रॅमला रॅमचा खरा पत्ता कधी कळतच नाही. त्याला मिळतो आभासी पत्ता. समजा, लिनक्सवर एका प्रोग्रॅमने १ जीबी मेमरी मागितली. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लगेच ‘घे’ म्हणतं आणि देत काहीच नाही, फक्त नोंद करतं. मेमरी वाटली जाते ठरावीक तुकड्यांत, म्हणजे ‘पानां’त; १ जीबी म्हणजे ४०९६ बाइटची २,६२,१४४ पानं. त्यातलं एकही अजून रॅममध्ये नाही. प्रोग्रॅम पहिला बाइट लिहायला जातो, तेव्हा प्रोसेसर पानांच्या तक्त्यात (कोणत्या आभासी पत्त्याचं पान रॅममध्ये कुठे आहे, याच्या यादीत) बघतो, तिथे पान हजर नसतं, आणि ‘पेज फॉल्ट’ होतो. नावात फॉल्ट असला तरी बिघाड काहीच नाही. कर्नल प्रोग्रॅमला थांबवतं, रॅममधली एक रिकामी चौकट शोधतं, ती शून्यांनी भरतं (नाहीतर आधीच्या प्रोग्रॅमचा पासवर्ड तिथे सापडायचा!), तक्त्यात नोंद करतं आणि अडलेली तीच सूचना प्रोसेसरकडून पुन्हा चालवून घेतं. मधल्या मधे काय घडलं, याचा प्रोग्रॅमला पत्ताच नसतो. मला तर यावर कितीही बोलायला सांगा!

हा तक्ता ठेवायचा कसा, तेही बघण्यासारखं आहे. नेहमीच्या ६४ बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरवर पत्त्याचे ४८ बिट वापरात असतात. शेवटचे १२ बिट पानातली जागा सांगतात. उरलेल्या ३६ चे ९-९ चे चार भाग, म्हणजे तक्त्यांच्या चार पायऱ्या. ९ बिट म्हणजे ५१२ नोंदी, प्रत्येकी ८ बाइट. गुणून बघा: ४०९६. प्रत्येक तक्ता बरोब्बर एका पानात मावतो! दर वेळी चार पायऱ्या उतरणं परवडणारं नसतं, म्हणून अलीकडची उत्तरं प्रोसेसर टीएलबी नावाच्या चिमुकल्या कॅशमध्ये जपून ठेवतो.

उरलेल्या रॅममध्ये कर्नल वाचून झालेल्या फाइली ठेवून देतं. तीच फाइल पुन्हा उघडली की डिस्ककडे जावंच लागत नाही. जागा लागली, की बरेच दिवस हात न लागलेली पानं आधी निघतात. फाइलचं न बदललेलं पान नुसतं टाकून देता येतं, मूळ प्रत डिस्कवर असतेच. प्रोग्रॅमने स्वतः तयार केलेल्या मजकुराची मात्र दुसरी प्रत कुठेच नसते. तो स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर त्यासाठी राखलेल्या जागेत, लिहूनच रॅम मोकळी करावी लागते. आणि स्वॅप स्वस्त नाही. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागत असतील, तर एसएसडीला त्याच्या शेकडो पट आणि जुन्या फिरत्या डिस्कला लाखभर पट वेळ लागतो.

म्हणूनच ‘रॅम क्लीनर’ ॲपचा उपयोग दारावर लिंबू-मिरची टांगण्याइतकाच. ते मागे पडलेली ॲप बंद करतं, आकडा छान दिसतो, आणि तीच ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडताना बॅटरी खर्च होते.

लिनक्सवर ‘फ्री’ ही आज्ञा दिलीत, तर ‘फ्री’चा रकाना सोडा, ‘अव्हेलेबल’ बघा. मशीन रखडत असेल तर ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने बघा: स्वॅपमधून आत किती आलं, बाहेर किती गेलं. दोन्ही सतत मोठे असतील, तर रॅम खरंच अपुरी आहे. शून्यावर बसून असतील, तर रॅम भरलेली दिसली तरी नव्या पट्टीवर पैसे घालू नका, दुखणं दुसरीकडे आहे.