नॅनोरोबो वेगळा, रेणूंचा कारखाना वेगळा

उंदरांच्या शरीरात सोडलेल्या नॅनोरोबोंनी कर्करोगाच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडला, अशी बातमी २०१८ मध्ये आली होती. बातमी खरी होती. पण अशा बातमीला जोडून दुसरीच चर्चा सुरू होते: आता अणूला अणू जोडून हवी ती वस्तू बनवणारी यंत्रं येणार, ती स्वतःच्याच प्रती काढत सुटणार, मग त्यांना आवरणार कोण? पहिल्या गोष्टीचं यश दुसरीच्या खात्यावर जमा होतं आणि दुसरीची भीती पहिलीच्या माथी मारली जाते. आकार सोडला तर या दोन्हींत फारसं साम्य नाही. ज्या संशोधनाकडे खरोखर आशेने पाहावं, त्याच्यावर भलत्याच शंका घेतल्या जातात, हे मला खटकतं.

आधी बातमीतला नॅनोरोबो. २०१२ मध्ये हार्वर्डमधल्या शॉन डग्लस, इडो बाचेलेट आणि जॉर्ज चर्च यांनी डीएनएचं एक षट्कोनी पिंप बनवलं. लांबी सुमारे ४५ नॅनोमीटर, रुंदी ३५. म्हणजे असली दोन हजारांहून अधिक पिंपं एका ओळीत ठेवली तरी केसाची जाडी भरून निघेल न निघेल. पिंपाचे दोन अर्धे भाग एका बाजूला बिजागरीसारखे जोडलेले, समोरच्या बाजूला दोन कुलुपं, आणि आत प्रतिपिंडांचे तुकडे अडकवलेले. कुलुपंही डीएनएचीच. पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक प्रथिन भेटलं की कुलपाचा एक धागा त्याला जाऊन चिकटतो आणि कुलूप सुटतं. दोन्ही कुलुपं सुटली तरच पिंप उघडतं. यात बॅटरी नाही, मोटर नाही, संगणक नाही. हे पिंप पोहतही नाही, द्रव नेईल तिकडे जातं. २०१८ च्या प्रयोगात पिंपाऐवजी डीएनएची गुंडाळलेली चटई होती आणि आत रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन. गाठीतल्या रक्तवाहिन्यांवरचं खुणेचं प्रथिन भेटल्यावर ती उलगडायची.

ही वस्तू बनते कशी, यातच खरी गंमत आहे. पॉल रॉथेमुंड यांनी २००६ मध्ये दाखवलेली पद्धत अशी: एका विषाणूचा सात हजारांवर अक्षरांचा (डीएनएच्या एकेका घटकाला अक्षर म्हणतात) लांब डीएनए धागा घ्यायचा, त्यात दोनशेच्या आसपास आखूड धागे टाकायचे, मिश्रण तापवायचं आणि हळूहळू थंड होऊ द्यायचं. प्रत्येक आखूड धागा लांब धाग्यावरच्या आपापल्या दोन-तीन जागांना जुळतो आणि त्या जवळ ओढून शिवतो. कोणी काही उचलून ठेवत नाही. कुठे काय बसणार हे धाग्यांवरच्या अक्षरांतच लिहिलेलं असतं, आणि एकाच नळीत अब्जावधी पिंपं एकदम तयार होतात.

रेणवीय उत्पादनाची, म्हणजे अणूला अणू जोडून वस्तू बनवण्याची, कल्पना नेमकी याच्या उलट आहे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ मधल्या भाषणात अणू हवे तिथे मांडण्याची शक्यता बोलून दाखवली. अभियंता एरिक ड्रेक्सलर यांनी १९८० च्या दशकात आणि १९९२ मध्ये तिला गणिताचा आधार देत आराखडा उभा केला. त्यात निर्वात पोकळीत काम करणारे ताठ हात आहेत. हाताच्या टोकाशी चट्कन बंध जोडणारा रेणू असतो. तो ठरलेल्या जागी दाबला की तिथेच बंध तयार होतो, आणि अशा लाखो-करोडो कृतींतून हिऱ्यासारखा घट्ट पदार्थ थरावर थर वाढत जातो. इथे जागा हात ठरवतो, रेणू नाही.

याच्या बाजूने पुरावा किती? आयबीएममध्ये डॉन आयग्लर आणि एरहार्ड श्वाइत्झर यांनी १९८९ मध्ये ३५ झेनॉन अणू सरकवून कंपनीची अक्षरं लिहिली, ते चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण ते उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, निकेलच्या पृष्ठभागावर अणू ढकलणं होतं. त्यात टिकाऊ बंध जोडलेला नव्हता. मला त्याहून मोलाचा वाटतो तो २००३ मधला जपानी प्रयोग. त्यात सुईच्या टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शीच्या टोकाच्या नुसत्या दाबाने सिलिकॉनच्या पृष्ठभागातला एक अणू उपटला आणि परत बसवला गेला. हे खरं पहिलं पाऊल. मात्र एका ग्रॅम कार्बनमध्ये अणू असतात ५ वर २२ शून्यं इतके. एका टोकाने सेकंदाला दहा लाख अणू बसवले तरी तो ग्रॅम पुरा व्हायला सुमारे १६० कोटी वर्षं लागतील. म्हणून हातांनी आणखी हात बनवायचे, ही कल्पना आली, आणि स्वतःची प्रत काढत जग खाऊन टाकणाऱ्या यंत्रांची भीतीही तिथूनच आली. ख्रिस फिनिक्स यांच्यासोबत २००४ मध्ये लिहिलेल्या लेखात ड्रेक्सलर यांनीच सांगितलं की, मोकाट फिरणाऱ्या यंत्रांची या उत्पादनाला गरज नाही. डीएनएच्या पिंपाला तर प्रत काढताच येत नाही, नळीत धागे घालणारा माणूस लागतो.

दोन्हींतला सगळ्यात खोल फरक उष्णतेच्या थरथरीचा आहे. साध्या तापमानाच्या पाण्यात प्रत्येक रेणूला चहूबाजूंनी अखंड धक्के बसत असतात. डीएनएची जुळणी या धक्क्यांवरच चालते. धागा चुकीच्या जागी टेकतो, धक्क्याने सुटतो, पुन्हा दुसरीकडे टेकतो. योग्य जागी इतके बंध एकदम जुळतात की मग धक्का त्याला हलवू शकत नाही. ताठ हातासाठी मात्र हीच थरथर म्हणजे चूक. हिऱ्यात दोन कार्बन अणूंमधलं अंतर जेमतेम ०.१५ नॅनोमीटर. टोक त्याच्याही अंशाइतकं डगमगलं तर बंध शेजारी जोडला जाईल.

रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड स्मॉली आणि ड्रेक्सलर यांचा २००३ मधला जाहीर वाद याच भोवती फिरला. स्मॉलींचं म्हणणं, अणू पकडणारी बोटंही अणूंचीच, म्हणजे जाड आणि चिकट. ड्रेक्सलर यांचं उत्तर, मी बोटं मागितलीच नव्हती, आणि पेशीत प्रथिनं बनवणारा रायबोसोम रेणू जोडतोच की. माझ्या मते बोटांचा आक्षेप निर्णायक नव्हता. पण रायबोसोमचा दाखलाही हिऱ्याच्या कारखान्याला लागू पडत नाही, कारण तो पाण्यात, थरथरीच्या मदतीने काम करतो. तो दाखला पहिल्या, म्हणजे डीएनएच्या पिंपाच्या, घराण्याचा आहे.

म्हणूनच रेणूंकडून उत्पादन करून घेण्याचं भविष्य मला मँचेस्टरच्या डेव्हिड ली यांच्या २०१३ च्या कामात जास्त दिसतं. त्यांनी एका धाग्यासारख्या रेणूवर तीन अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) ओळीने लावली आणि त्यावर एक कडं ओवलं. कडं पुढे सरकत एकेक आम्ल उचलून त्याच क्रमाने साखळीत जोडतं. अशी एकावर १८ शून्यं इतकी यंत्रं द्रावणात एकाच वेळी चालली, तेव्हा काही मिलिग्रॅम माल हाती आला. जिवाणूचा रायबोसोम सेकंदाला १५-२० आम्लं जोडतो, यांना एकेका जोडणीला तासन्‌तास लागतात. शिवाय कडं पुढे जाताना धाग्यावरची आम्लं काढून घेतं, म्हणजे वाट पुसतच जातं, आणि शेवटी धाग्यावरून निसटतं. रायबोसोम आम्लांचा क्रम सांगणारा तोच संदेश पुन्हा पुन्हा वाचू शकतो. हे कडं एकदाच चालतं.