लेकराच्या डोक्यामागचा बेडसोर

बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडत राहून होणारी जखम, म्हटलं की लकवा मारलेले, महिनोन्‌महिने खाटेला खिळलेले आजोबा डोळ्यांपुढे येतात. म्हणून आयसीयूतल्या वर्षाच्या लेकराचं डोकं उचलून सिस्टर मागून बघायला लागल्या की नातेवाईक म्हणतात, "परवाच तर ॲडमिट केलंय, याला कुठला बेडसोर?" तो परवापासूनच सुरू झालेला असू शकतो. मोठ्यांना तो बहुतेक माकडहाडावर किंवा टाचेवर होतो. लहान बाळांना डोक्याच्या मागे होतो, आणि नळी, पट्टी, मास्क जिथे टेकतात तिथे होतो.

डोक्यामागेच का? नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं सातवा-आठवा. बाळ उताणं झोपलं की सगळ्यात जड टेकणारा भाग तोच. आता शाळेतलं सूत्र घ्या : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. डोकं दोन किलोचं धरा. कडक गादीवर ते जेमतेम १० चौरस सेंटिमीटर टेकलं, तर दाब पाऱ्याच्या भाषेत १४७ मिलिमीटर भरतो. तेच डोकं मऊ फोममध्ये रुतून ५० चौरस सेंटिमीटरवर टेकलं, तर २९. वजन तेच, दाब पाचपट कमी.

१९३० साली यूजीन लँडिस यांनी नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांत, बारीक काचनळी घालून आतला दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर भरला. बाहेरचा दाब त्याच्यावर गेला की केशवाहिनी मिटते, हे तेव्हापासूनचं गणित. पण ही मोजणी धडधाकट माणसांची होती. डेंग्यूत बीपी खाली गेलेल्या लेकराची केशवाहिनी त्याहून कमी दाबाला मिटते.

शिवाय रक्त अडणं ही अर्धीच गोष्ट. मऊ ऊती हाड आणि गादी यांच्यात चेपली जाते तेव्हा सगळ्यात जास्त ताण हाडालगत पडतो. तिथल्या पेशी ओढल्या जातात, त्यांचं आवरण गळायला लागतं, आणि रक्त पूर्ण थांबायच्या आधीच काही पेशी मरतात. म्हणजे जखम आतून बाहेर येते. कातडीवरचा लाल डाग ही उशिरा मिळालेली खबर. २०१६ साली अमेरिकेतल्या बेडसोरविषयक तज्ज्ञ मंडळाने त्याच्या नावातला ‘अल्सर’ (उघडी जखम) सोडून ‘इंजुरी’ (इजा) शब्द धरला तो याचसाठी : कातडी शाबूत असतानाही आत इजा झालेली असते.

डाग दिसला की त्यावर बोट दाबून सोडा. जागा क्षणभर पांढरी पडून परत लाल झाली तर रक्त फिरतंय. लालच राहिली तर बेडसोरची पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली लपते, म्हणून बोटांच्या पाठीने चाचपायचं : शेजारच्या जागेपेक्षा गरम, गार, टणक किंवा लिबलिबीत लागतं का. डोक्यामागे केस बाजूला सारूनच बघावं लागतं. पोनीचा रबर, क्लिप पहिल्याच दिवशी काढा. तिथली जखम भरली तरी केस न उगवणारा चट्टा कायमचा राहू शकतो.

दर दोन तासांनी कूस बदलायची, अंदाजे ३० अंश तिरकं, पाठीला उशीचा टेकू देऊन. अंग हलवण्याजोगं नसेल तर निदान डोकं तरी. एकीने श्वासनळीतली ट्यूब धरायची, दुसरीने डोकं किंचित उचलून टेकण्याची जागा बदलायची. "आत्ताच डोळा लागलाय, नका हलवू" ही आईची विनवणी समजते, पण औषधाने गुंगवलेलं लेकरू स्वतः कूस बदलत नाही. सरकवताना ओढू नका, चादरीने उचला. घरची वाकळ अंगाखाली नको, तिच्या शिवणी आणि गाठी रुततात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात मेणकापडावर घाम साचतो, ओली कातडी चादरीला चिकटून सोलते. मेणकापडावर सुती चादर हवीच.

टाचेखाली पाण्याने भरलेला ग्लोव्ह आणि डोक्याखाली कापडाची चुंबळ हे दोन उपाय अजून जागोजागी दिसतात. दोन्ही बंद करा. चुंबळीच्या कडेवर सगळं वजन गोळा होतं आणि मधल्या भागातून परतणारं रक्त अडतं. टाचेसाठी पोटरीखाली लांबट उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे. हवेची गादीही विकणारा सांगतो तेवढी जादूची नाही. मोठ्यांच्या मापाच्या गादीत लहान मूल दोन कप्प्यांच्या खाचेत बसतं.

बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा प्रोब साधारण चार तासांनी दुसऱ्या बोटावर घ्या. काचेच्या पेटीतल्या बाळाला सीपॅप, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र, असेल तर नाकाच्या पडद्यात आणि नळीत फट दिसली पाहिजे. सलाईनच्या सुईच्या टोपीखाली कापसाची घडी द्या. आणि करदोटा, मनगटाचा काळा दोरा, वाळे काढून ठेवा. आजाराने अंगावर सूज चढते, दोरा सैल होत नाही. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला दोराच कातडीत रुततो. आजी ऐकत नसतील तर तो दोरा खाटेच्या दांडीला बांधा, तिथे कुणाला टोचत नाही.