पार्श्वभूमी : जावातल्या खेड्यातली जमीन आणि गिरिकची मुदत

इंडोनेशियात २ फेब्रुवारी २०२१ रोजी जमिनीच्या हक्कांविषयीची नवी नियमावली लागू झाली. तिच्या ९६व्या कलमाने खेड्यापाड्यांतल्या जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत घालून दिली. गिरिक, पेतोक, लेटर सीचा उतारा, बालीत पिपिल अशी या कागदांची नावं भागाभागांत वेगळी आहेत. मुदतीत नोंदणी करून सर्टिफिकेट घेतलं नाही, तर फेब्रुवारी २०२६ नंतर यातला कोणताही कागद मालकीचा पुरावा म्हणून चालणार नाही. नोंदणीच्या वेळी एक दुवा म्हणून तो पाहिला जाईल, एवढंच. २०२५मध्ये तारीख जवळ येऊ लागली तशी ‘सर्टिफिकेट नसलेली जमीन सरकारजमा होणार’ अशी बातमी पसरली. जमीन खात्याने ती फेटाळली. तरीही जावातल्या खेड्यांत ती खरी वाटली, आणि तसं वाटण्यामागे दीडशे वर्षांचा अनुभव आहे.

गिरिक हा मुळात शेतसाऱ्याचा कागद. ज्या वहीवरून तो निघतो ती लेटर सी गावच्या कचेरीत असते. तिच्या पानावर वर सारा भरणाऱ्याचं नाव आणि खातेक्रमांक. खाली रकाने: तुकड्याचा क्रमांक, प्रत (भातखाचर असेल तर एस, कोरडवाहू असेल तर डी, पुढे रोमन आकड्यात दर्जा), क्षेत्र, साऱ्याची रक्कम. शेवटच्या रकान्यात फेरफाराचं कारण आणि तारीख. बऱ्याच वह्यांत हाच रकाना सगळ्यात जास्त खाडाखोडीचा असतो. आपल्या सातबाऱ्याशी याचं नातं लगेच ध्यानात येईल. तोही मूळचा महसुली कागद, आणि लोक त्यालाच मालकी मानतात. फरक असा की लेटर सीला बहुधा नीट मोजलेल्या नकाशाचा आधार नसतो. ‘पूर्वेला अमक्याचं खाचर, पश्चिमेला पाट’ असं लोकांच्या तोंडी असतं, वहीत नसतं.

जुना काळ थोडक्यात. १८११ ते १८१६ जावा इंग्रजांच्या हाती होतं. जमीन राजाची, रयतेने सारा द्यायचा, ही मांडणी त्या काळात पक्की झाली. मद्रास इलाख्यातल्या रयतवारीशी तिचं नातं आहे. १८३०पासून डच अमलाने गावांवर निर्यातीची पिकं लादली आणि नियमाप्रमाणे पाचवा हिस्सा जमीन ऊस, नीळ, कॉफीखाली गेली. मग १८७० साली एक वाक्य कायद्यात आलं: ज्या जमिनीवर कोणाला मालकी सिद्ध करता येत नाही ती सरकारची. मालकी म्हणजे युरोपीय पद्धतीची, कागदावरची. गावकऱ्याकडे वहिवाट होती, शेजाऱ्यांची साक्ष होती, तसा कागद नव्हता. मळेवाल्या कंपन्यांना याच तरतुदीतून ७५ वर्षांपर्यंतचे पट्टे मिळाले. १८७५मध्ये देशी लोकांची जमीन परक्यांना विकायला बंदी झाली हे खरं, पण सिद्ध करण्याचा भार तेव्हापासून गावकऱ्याच्या डोक्यावर आला तो आला. माझ्या मते पुढचा सगळा गुंता या एका वाक्यातून सुरू होतो.

स्वातंत्र्यानंतर तो भार उतरवायचा प्रयत्न झाला. २४ सप्टेंबर १९६०चा मूलभूत जमीन कायदा आजही पाया आहे आणि ती तारीख शेतकरी दिन म्हणून पाळली जाते. त्याने १८७०ची तरतूद रद्द केली, जमिनीला सामाजिक कर्तव्य जोडलं आणि परंपरेने कसत आलेल्यांचा हक्क ‘हाक मिलिक’ या पूर्ण मालकीत बदलला. हा बदल कायद्यानेच झाला, त्यासाठी कोणाला अर्ज करायचा नव्हता. पण नोंदणीचं काम कायद्याच्या मागे राहिलं. त्याच साली सर्वोच्च न्यायालयाने गिरिक म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असं म्हटलं होतं. म्हणजे हक्क पूर्ण मालकीचा आणि हातात साऱ्याचा कागद, अशी स्थिती १९६०पासूनच आहे.

त्याच कायद्यासोबत कमाल जमीनधारणाही आली. सर्वात दाट वस्तीच्या भागात भातजमीन ५ हेक्टर, कोरडवाहू ६ हेक्टर. १९६१च्या नियमाने मालकाने शेत असलेल्या उपजिल्ह्यातच राहिलं पाहिजे असं ठरवलं. वाटप सुरू झालं, रखडलं, १९६३नंतर भूमिहीनांनी स्वतःच जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि कम्युनिस्ट ठरवलेल्यांच्या १९६५-६६च्या कत्तलींत हा अध्याय रक्तात बुडाला. मिळालेली जमीन अनेकांकडून परत काढून घेतली गेली. त्यानंतर तीन दशकं जमिनीच्या वाटपाबद्दल गावात मोठ्याने बोलणं धोक्याचं होतं. सुहार्तोच्या राजवटीने उत्तर शोधलं ते भाताच्या नव्या वाणांत आणि जावाबाहेर वसाहतींत. स्थलांतरित कुटुंबाला साधारण २ हेक्टर जमीन मिळे. १९८४मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पण नव्या वाणांबरोबर कापणीचा ठेका व्यापाऱ्याकडे गेला, लोंबी एकेक खुडणाऱ्या हातातल्या सुरीची जागा विळ्याने घेतली आणि कापणीच्या वाट्यावर जगणाऱ्या बायकांचं काम कमी झालं.

आज जावातल्या खेड्यात शेतीवर घर चालवणं म्हणजे काय, हे एका आकड्यावरून कळतं. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेली देशातली कुटुंबं २०१३च्या कृषिगणनेत १ कोटी ४२ लाख होती, २०२३मध्ये सुमारे १ कोटी ६९ लाख. त्यामुळे कोणी दुसऱ्याचं खाचर अर्धेलीने करतो, कोणी उभं पीक व्यापाऱ्याला विकून मोकळा होतो, आणि घरातलं एक माणूस मलेशियात, तैवानात किंवा हाँगकाँगात कामाला असतं. पूर्व जावातल्या पोनोरोगो, ब्लितार, तुलुंगागुंग भागात टाइल्स लावलेलं नवं घर दिसलं, तर त्यामागे बहुधा परदेशात घरकाम करणाऱ्या मुलीची कमाई असते. ती कमाई घरात नाहीतर जमिनीत जाते.

ही जमीन विकत कशी घेतात? रीतसर मार्ग अधिकृत लेखनिकासमोर खरेदीखत करण्याचा. त्यात खरेदीदाराला ५ टक्क्यांपर्यंत हस्तांतरण कर, विकणाऱ्याला २.५ टक्के. म्हणून पुष्कळ व्यवहार चिकटवलेल्या मुद्रांकाच्या पावतीवर होतात, गावप्रमुख आणि दोन साक्षीदार यांच्या सह्यांनी. एक नेहमीचं उदाहरण घ्या. वहीत आजोबांचं नाव. पाच वारस. एक मलेशियात, एक मयत, त्याची मुलं शहरात. धाकट्या मुलीने आपला पट्टा १९९०च्या सुमाराला शेजाऱ्याला पावतीवर विकला. तेव्हाचा गावप्रमुख वारला. शेजारी तीस वर्षं भात लावतो आहे, सारा भरतो आहे, पण गिरिक आजोबांच्याच नावावर. नोंदणीला जायचं तर वारसदाखला हवा, त्यावर सगळ्यांच्या सह्या हव्यात, कोणी अडून बसलं की काम थांबलं. यात कोणाचीही लबाडी नाही. गाव चालतं तसं चाललं, एवढंच.

१९९७च्या नोंदणी नियमांनी अशांसाठी वाट ठेवली होती: वीस वर्षांची सलग, प्रामाणिक वहिवाट आणि विश्वासू साक्षीदार. पण त्यांच्या स्पष्टीकरणात जुना पुरावा म्हणून धरलेला गिरिक १९६१च्या आधीचा. नंतरचे लाखो कागद त्यात नीट बसत नाहीत. १९९३मध्ये कर खात्याने गिरिक देणंच थांबवलं, तरी गावातून वहीचे उतारे निघत राहिले. एका जमिनीचे दोन गिरिक, बनावट गिरिक, वहीतली पानं फाटलेली, असे खटले शहरांलगतच्या गावांत भरपूर झाले. मुदतीचं समर्थन करणारे याकडेच बोट दाखवतात आणि त्यांचा मुद्दा खोटा नाही. जमीनमाफियाचं मुख्य हत्यार हाच कागद राहिला आहे.

तरी मुदत कोणाला जाचते ते पाहायला हवं. २०१७मध्ये देशव्यापी नोंदणी मोहीम सुरू झाली तेव्हा एकूण १२.६ कोटी तुकड्यांपैकी ४.६ कोटींचीच नोंद होती. वर्षाला पाच लाखांच्या जुन्या वेगाने उरलेल्या कामाला १६० वर्षं लागली असती. मोहिमेने वेग खरोखर वाढवला: २०१७चं लक्ष्य ५० लाख, २०१८चं ७० लाख, २०१९चं ९० लाख. गावच्या तयारीचा खर्च जावा आणि बालीत १,५०,००० रुपियापर्यंत (रुपिया हे तिथलं चलन) बांधून दिला. बांधावर खुंट रोवायचे, शेजाऱ्याला उभं करायचं, वहिवाटीच्या जबानीवर सह्या. ज्यांचं घर एकत्र आहे आणि नाव सरळ आहे त्यांची सर्टिफिकेटं निघाली. मागे राहिले ते वरच्या उदाहरणासारखे, शिवाय त्या रकमेत न धरलेल्या हस्तांतरण कराला घाबरणारे. हक्क जात नाही, फक्त कागदाचं वजन जातं, असं सरकार म्हणतं. कायद्याच्या भाषेत ते बरोबर आहे. पण वाद उभा राहिला की न्यायालयात हक्क कागदावरच उभा राहतो, आणि इथे १८७०चा प्रश्न पुन्हा त्याच माणसाला विचारला जातो आहे.

प्रश्न पैशाचाही आहे. पूर्व जावातल्या तुबान जिल्ह्यात सुमुरगेनेंग गावाची जमीन तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी घेतली गेली. फेब्रुवारी २०२१मध्ये गावात ट्रकांवरून नव्या गाड्या उतरल्या, १७०हून अधिक, आणि त्या चित्रफिती देशभर फिरल्या. वर्षभराने तिथलेच काही लोक नोकरीची मागणी करत निदर्शनाला उतरले; गुरं विकून दिवस काढतो, असं सांगत होते. त्यांच्या हाती निदान पैसे पडले. २०१२च्या भूसंपादन कायद्यानुसार मालकी वादात असेल तर भरपाई न्यायालयात जमा होते, म्हणजे गिरिकवाल्याचं शेत जातं आणि रक्कम निकालापर्यंत अडकते.

दुसऱ्या बाजूने भाव दाबलेलाही आहे. शेतजमीन राखण्याचा २००९चा कायदा आणि त्यानंतरचे संरक्षित भातजमिनीचे नकाशे यांमुळे खाचराचं घरबांधणीत रूपांतर अवघड झालं. देशाच्या तांदळासाठी ते योग्यच, पण मुलाच्या लग्नासाठी एक कोपरा विकू पाहणाऱ्याला भरपाई कोणी देत नाही. शहरवासी मालक १९६१चा नियम गावातल्या माणसाचं नाव लावून चुकवतात. बालीत परदेशी खरेदीदार हेच करतात, जरी १९६०च्या कायद्यात असा व्यवहार रद्द ठरून जमीन सरकारकडे जाते. तिथे भाडेपट्टा हा सरळ मार्ग आहे, बहुधा २५ वर्षांचा, आणि मालकाचं नाव शाबूत राहतं.

२०१४च्या ग्रामकायद्याने गावाकडे थेट निधी आणला; २०१५मध्ये सुमारे २०.७ लाख कोटी रुपिया, २०१९मध्ये ७० लाख कोटी. २०२४च्या दुरुस्तीने गावप्रमुखाचा कार्यकाळ सहावरून आठ वर्षं केला. वही त्याच्याच कचेरीत आहे. गिरिकचं वजन गेल्यावर वहिवाटीच्या दाखल्यावरची त्याची सही जास्त मोलाची होते, आणि वारसदाखल्यावरचीही. काही जिल्ह्यांनी पहिल्या नोंदणीला हस्तांतरण करात सवलत दिली आहे. ती सगळीकडे लागू करणं आणि विखुरलेल्या वारसांची संमती परदेशातूनही घेता येईल अशी सोय करणं, या दोन गोष्टी मुदतीच्या आधी व्हायला हव्या होत्या.