भोकाची जागा ठरवते सगळं: घरच्या खुर्चीला घडीचं फुटरेस्ट

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत आणि डाक बंगल्यांत लांब हातांची एक आरामखुर्ची असायची. वेताची बैठक, मागे कललेली पाठ आणि हातांच्या खाली दडवलेल्या दोन लांब फळ्या. फळ्या पुढे फिरवल्या की त्यांच्यावर पाय टाकून दुपार काढता यायची. प्रत्येक बाजूला फिरणारा सांधा एकच, त्यामुळे बिघडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. यंत्र म्हणून ही खुर्ची मला फार आवडते. पण पाय दोन बाजूंना फाकवल्याशिवाय तिच्यात बसता येत नाही. म्हणजे ती घरातल्या पुरुषांसाठीच केलेली. दिवसभर कापूस वेचून किंवा ओट्यापुढे उभं राहून ज्यांचे पाय संध्याकाळी सुजतात, त्या बायांना तिचा काही उपयोग नव्हता. घरच्या खुर्चीला समोरून उघडणारं, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवता येतील असं फुटरेस्ट करायचं असेल तर ते आधी त्यांच्या मापाने करावं, असं माझं मत आहे.

पाय वर घेतल्याने बरं का वाटतं, याचं उत्तर साध्या द्रवदाबात आहे. हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा एक उभा स्तंभ असतो. माणूस नुसता उभा असेल तर त्याची उंची साधारण १२० सेंटिमीटर भरते आणि घोट्याच्या शिरेतला दाब ९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास जातो. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, म्हणून चालणाऱ्याचे पाय तितके भरत नाहीत. खुर्चीत पाय खाली सोडून बसलं की स्तंभ ८० सेंटिमीटरवर येतो आणि दाब साठाच्या घरात. पाय बैठकीच्या पातळीवर घेतले तर स्तंभ उरतो ४० सेंटिमीटरचा, दाब तिसाच्या आसपास. म्हणजे नुसत्या बसण्याच्या निम्मा. (एकाच पायाला सूज असेल, किंवा सकाळी उठल्यावरही ती उतरलेली नसेल, तर खुर्ची करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं.)

तरी फुटरेस्ट अगदी आडवं करू नये. पाठ ताठ आणि पाय सरळ अशा बैठकीत मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि दहा मिनिटांत माणूस पुढे घसरायला लागतो. खुर्चीची पाठ फारशी कलत नसेल तर फुटरेस्ट आडव्यापेक्षा १५ ते २० अंश खाली उतरतं ठेवावं. त्याने घोटा थोडा खाली जातो, दाब दहा-अकरा मिलिमीटरने वाढतो, पण माणूस तासभर बसू शकतो. तो सौदा परवडतो. आधार मात्र पोटरीला मिळायला हवा. फक्त टाच टेकली तर गुडघा अधांतरी राहतो.

आता यंत्राकडे. वेल्डिंगच्या दुकानात फुटरेस्टचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पट्टी किती सुताची टाकू?" एक इंचाचे आठ सूत, हे माप आमच्याकडे अजून सुतारापासून फॅब्रिकेशनवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. दोन सुताची पट्टी घेतली तर काम मजबूत होईल, असं सगळ्यांना वाटतं. पण फुटरेस्ट बहुतेक वेळा पट्टीच्या जाडीमुळे फसत नाही. ते फसतं भोक कुठे पाडलं त्यामुळे.

सर्वात सोपी रचना घेऊ. बैठकीच्या पुढच्या कडेला बिजागरीवर ४० सेंटिमीटर लांबीची फळी आणि तिला खालून तिरका आधार देणारी पट्टी. साठ किलोच्या माणसाच्या दोन्ही पायांचा गुडघ्याखालचा भाग सव्वासात किलोच्या आसपास भरतो. फळीचं वजन धरून १० किलो म्हणू. हा भार बिजागरीपासून ३० सेंटिमीटरवर आहे असं धरू, म्हणजे हिशोब थोडा कडकच झाला. आधाराची पट्टी फळीला बिजागरीपासून २० सेंटिमीटरवर जोडली आणि तिचा फळीशी कोन ४५ अंश ठेवला, तर पट्टीवर सुमारे २१ किलोचा दाब येतो. तीच पट्टी त्याच जागी जोडली, पण दुसरं टोक बैठकीखाली वर घेतल्याने कोन १५ अंशांवर आला, तर दाब होतो जवळजवळ ५८ किलो. फळी, पाय, माणूस सगळं तेच, आणि भार पावणेतीन पट.

आता फुटरेस्टच्या कडेवर कुणी बसलंच तर काय? घरात कुणीतरी बसणारच. साठ किलोचा माणूस ३५ सेंटिमीटरवर बसला की ४५ अंशांच्या रचनेत आधारावर दीडशे किलो येतात, १५ अंशांच्या रचनेत चारशेच्या वर. अडीच सुताचा, म्हणजे ८ मिलिमीटरचा लोखंडी बोल्ट एवढ्यानेही तुटत नाही. चेपतं ते लाकूड. बोल्टभोवतीचं भोक हळूहळू लांबट होतं, सांधा खुळखुळायला लागतो आणि दोष बोल्टवर जातो. म्हणून लाकडात बोल्ट कधी नुसता घालू नये. भोकात लोखंडी पाइपचा तुकडा, म्हणजे बुश, ठोकून बसवावा आणि बोल्ट त्याच्यातून न्यावा. दाब जास्त जागेवर वाटला जातो आणि फिरताना झिजतं लोखंड, जे बदलता येतं.

आमच्या हवेत बुशचं आणखी एक कारण आहे. एप्रिल-मेच्या दुपारी मराठवाड्यात हवा इतकी कोरडी होते की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, आणि श्रावणात तेच पुन्हा फुगतं. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला सांधा पावसाळ्यात जाम होतो, पावसाळ्यात बसवलेला उन्हाळ्यात सैल पडतो. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं. बाभळीचं लाकूड चिवट, बैलगाडीला वापरलेलं, पण ते पुरतं वाळलेलं नसेल तर पिळवटतं.

बिजागरीची फळी करायला सोपी, पण मिटल्यावर ती पायांच्या पोटऱ्यांशी लोंबकळत राहते. ती बैठकीखाली आत जावी असं वाटत असेल तर चार दांड्यांची जोडणी लागते. यात बैठकीची चौकट ही एक दांडी, फुटरेस्टची फळी ही दुसरी, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन पट्ट्या. जेम्स वॉटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी पेटंट घेतलेली समांतर गतीची जोडणी याच कुळातली, आणि आपल्या सगळ्या शोधांत तिचाच त्याला सर्वात जास्त अभिमान वाटत असे. दोन्ही पट्ट्या सारख्या लांबीच्या आणि समांतर असतील तर फळी पुढे येते पण वळत नाही. उभी होती तशी उभीच राहते. एक पट्टी लांब केली किंवा भोकांमधली अंतरं बदलली की फळी पुढे येता येता वळायला लागते. मिटलेली असताना उभी आणि उघडल्यावर जवळजवळ आडवी, हे सगळं त्या चार भोकांच्या जागांवर ठरतं. बाजारातल्या रिक्लायनरमध्ये याच्या पुढची पायरी असते. कात्रीसारख्या एकमेकींत अडकलेल्या पट्ट्या, दुकानाच्या चॅनल गेटमध्ये असतात तशाच. थोड्या जागेत मिटून लांबवर जाणं हा त्यांचा गुण. पण सांधे वाढले की प्रत्येक सांध्याची ढिलाई बेरजेत येते, म्हणून घरी करताना कात्रीच्या नादी लागू नये असं मी म्हणेन. तशीही बाजारातल्या या रेलणाऱ्या खुर्च्यांची सुरुवात साधीच होती. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या मनरो गावात एडवर्ड नाबुश आणि एडविन शूमेकर या दोन चुलत भावांनी आपली पहिली रेलणारी खुर्ची केली ती ओसरीत ठेवायला, लाकडी पट्ट्यांची.

फुटरेस्ट उघडं कसं टिकतं, हा या विषयातला मला सर्वात सुंदर वाटणारा भाग. आधाराची पट्टी मधोमध कापून तिथे एक सांधा घ्यायचा, म्हणजे तिला कोपर येतं. हे कोपर सरळ होत जातं तसा त्याचा जोर वाढतो. दोन्ही तुकडे सरळ रेषेपासून १० अंश वाकलेले असताना कोपरावर २ किलोचा दाब दिला तर टोकांवर पावणेसहा किलोच्या आसपास जोर मिळतो. २ अंश उरले की तोच हात २८ किलोंहून जास्त जोर देतो. आणि कोपर सरळ रेषेच्या किंचित पलीकडे, चार-पाच मिलिमीटर, नेऊन तिथे एक अडणी वेल्ड केली, तर पायांचं वजनच कोपराला अडणीवर दाबून धरतं. जितकं वजन जास्त तितकं कुलूप पक्कं. उभं राहताना गुडघा ताठ केला की मांडी सैल सोडता येते, ते याच हिशोबाने. मिटायचं झालं की कोपराला उलट्या बाजूने एक टिचकी पुरते, फक्त त्या वेळी पाय उचललेले हवेत.

मोटारसायकलच्या साइड स्टँडची स्प्रिंगही अशीच रेषा ओलांडते. तिची ओढ खिळीच्या एका बाजूने असेल तर स्टँड खाली टिकतो, दुसऱ्या बाजूला गेली की वर टिकतो. गॅरेजमध्ये मिळणारी तीच स्प्रिंग फुटरेस्ट मिटलेलं धरायला चालते.

डावी आणि उजवी जोडणी एका आडव्या पाइपने बांधणं विसरू नये. एक बाजू पुढे आणि एक मागे राहिली की फळी तिरकी होऊन अडकते, रुंद ड्रॉवर एका कोपऱ्याने ओढल्यावर अडकतो तसं. बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप न सुटणारा) घालावा, पूर्ण आवळून मग अर्धा वेढा सैल करावा, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा वायसर. पट्ट्या एकमेकींजवळून कात्रीसारख्या जातात तिथे लहान मुलाचं बोट सापडू शकतं, म्हणून त्या बाजूला रेक्झिनचा पडदा लावून टाकावा.

लोखंड कापण्याआधी जाड पुठ्ठ्यावर पूर्ण मापाची बाजू काढून, पट्ट्या कापून, टाचण्यांनी जोडून पाहाव्यात. भोक एक सूत सरकवलं की फळीचं टोक किती सरकतं, हे पुठ्ठ्यावर जितकं स्वच्छ दिसतं तितकं कागदावरच्या हिशोबात दिसत नाही. मनासारखी चाल मिळाली की त्याच पुठ्ठ्यावरून पट्टीवर पंच मारून घ्यावा.

शेवटची चाचणी खुर्ची रिकामी असताना करायची. माणूस बसलेला असतो तेव्हा त्याचं वजन पुढच्या पायांच्या मागे पडतं, त्यामुळे खुर्ची स्थिर राहते. तो उठला आणि फुटरेस्टवर मूल बसलं की चित्र पालटतं. खुर्ची १० किलोची आणि तिचं वजन पुढच्या पायांपासून २२ सेंटिमीटर मागे, तर मागे ओढणारा हिशोब (वजन गुणिले अंतर) २२०. वीस किलोचं मूल ३० सेंटिमीटर पुढे, तर पुढे ओढणारा ६००. खुर्ची पालथी होणारच. तेव्हा पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार फुटरेस्टच्या टोकावर हळूच ठेवून मागचे पाय उचलतात का ते बघायचं. उचलले तर फुटरेस्टच्या पुढच्या कडेला जमिनीपर्यंत पोहोचणारा, उघडताना आपोआप खाली लोंबणारा एक पाय बिजागरीवर लावायचा, आणि जार पुन्हा ठेवायचा.