वस्तऱ्याचा कोन त्याच्या पाठीत असतो

केस पोलादापेक्षा सुमारे ५० पटींनी मऊ असतो, तरीही दाढीच्या पात्याची धार केसच घालवतो. हे कसे घडते, ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. केस वाकून पात्याला कडेने रेटतो, आणि पोलादाची अंतर्रचना जिथे एकसारखी नसते तिथे धारेचे सूक्ष्म टवके उडतात. हा अभ्यास वापरून टाकून देण्याच्या पात्यांवर झाला होता. पण घरी वस्तरा पाजवू पाहणाऱ्याला त्यातून आपले काम नेमके कळते. टवक्यांच्या तळापर्यंतचा धातू काढून टाकायचा आणि दोन सपाट बाजू पुन्हा एका रेषेत भेटवायच्या.

सुरी पाजवताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात मात्र तो घडवतानाच ठरलेला असतो, आणि मला या अवजाराची हीच गोष्ट सर्वाधिक आवडते. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची जाड पाठ आणि धार एकाच वेळी टेकतात. पाठीची जाडी ५ मिलिमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १७ मिलिमीटर धरली, तर एका बाजूच्या कोनाची ज्या, म्हणजे साइन, २.५ भागिले १७ इतकी येते. तो कोन सुमारे साडेआठ अंशांचा, म्हणून दोन्ही बाजू मिळून १७ अंश. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर ०.१५ मिलिमीटर जाडीची चिकटपट्टी लावली, तर हाच कोन जवळजवळ १८ अंश होतो. त्यामुळे एकदा पट्टी लावून पाजवलेला वस्तरा पुढच्या वेळी पट्टीशिवाय घासला, तर दगड धारेच्या टोकाला स्पर्शच करत नाही.

कोन आयता मिळत असूनही नवशिक्याची धार बिघडते, ती दाबामुळे. पोकळ घासलेल्या, म्हणजे दोन्ही बाजू आत खोलगट केलेल्या, पात्याचा धारेलगतचा भाग अत्यंत पातळ असतो, आणि पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी झाली की तो विरोध एक अष्टमांश उरतो. बोटाने जोर दिला की ही कड दगडावर वाकते आणि गणितातला कोन प्रत्यक्षात राहत नाही. मीही शिकताना बराच काळ जोर देत होतो. धारेलगत मार्करची शाई लावून एकच हात फिरवला, तेव्हा शाई कुठे पुसली आणि कुठे राहिली हे पाहून चूक उमगली.

१००० क्रमांकाच्या दगडाने बाजू जुळवायच्या आणि ८००० किंवा त्याहून बारीक दगडाने आधीचे ओरखडे पुसायचे. चामोटी म्हणजे वस्तरा फिरवायचा चामड्याचा पट्टा. ‘चामोटीवर फिरवला की धार येते’ हा समज अपुरा आहे. चामोटी दगडाने तयार केलेली कड नीट करते, तिच्यावरचे सैल कण काढते. टवके भरून काढण्याइतका धातू ती काढत नाही. पिरॅमिडच्या आकाराखाली पाते ठेवल्यास त्याची धार टिकते, या कल्पनेला १९५९ साली चेकोस्लोव्हाकियात पेटंटही मिळाले होते. पेटंट म्हणजे प्रयोगाने मिळालेला पुरावा नव्हे, आणि धारेची भूमिती आकृत्यांच्या गूढ शक्तीने बदलत नाही.

चामोटीवर मात्र दिशा उलटी ठेवावी लागते. दगडावर धार पुढे असते, तर चामड्यावर पाठ पुढे आणि धार मागे. वळवतानाही वस्तरा पाठीवरच फिरवायचा. धारेवर फिरवला, तर चामडे चिरते आणि धार बोथटते.