विमान शेपटीने वळत नाही

शेपटीवरचं उभं सुकाणू फिरवलं की विमान होडीसारखं वळतं, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. नुसत्या सुकाणूने नाक बाजूला जातं, पण विमान बराच वेळ जुन्याच दिशेने तिरकं घसरत राहतं.

वळवतात ते पंख. त्यांच्या टोकांजवळ, मागच्या कडेला एलेरॉन नावाच्या झडपा असतात. एक वर, दुसरी खाली गेली की विमान कलतं. मग पंखांची उचल, म्हणजे विमानाला वर धरणारा जोरही तिरका होतो आणि त्याचा आडवा हिस्सा विमानाला वळणात ओढतो. (सायकलस्वार वळताना कलतोच की!)

मग सुकाणू कशाला? खाली झुकलेल्या एलेरॉनच्या बाजूला हवेचा विरोध वाढतो, नाक वळणाच्या उलट खेचलं जातं, ते सावरायला. राइट बंधूंनी १९०२ च्या ग्लायडरवर फिरतं सुकाणू बसवलं, ते याचसाठी.